क्यूसी पास? फॅक्टरीच्या शिक्क्यावर शंका घेणारा माणूस : एडवर्ड्स डेमिंग

चार्जरच्या बॉक्सवर किंवा स्वस्तातल्या इअरबड्सच्या पाकिटात एक छोटा गोल स्टिकर असतो : क्यूसी पास. म्हणजे कोणीतरी हा माल तपासला आणि ठीक आहे असं ठरवलं. आज फोन डिझाईन होतो एका देशात, कॅमेऱ्याचा सेन्सर येतो दुसऱ्या देशातून, स्क्रीन तिसऱ्या, आणि जोडणी होते चीनमध्ये, व्हिएतनाममध्ये किंवा आपल्याकडे तमिळनाडूत. ब्रँडचा मालक तिथल्या प्रत्येक मशीनपाशी उभा राहू शकत नाही. मग तो इन्स्पेक्टर पाठवतो. इन्स्पेक्टर काही पेट्या उघडतो, मोजमाप घेतो, रिपोर्ट लिहितो आणि कंटेनर बंदराकडे निघतो.

या तपासणीवर किती विसंबायचं? हा प्रश्न ज्या माणसाने आयुष्यभर लावून धरला, त्याची गोष्ट मी आज सांगणार आहे. नाव विल्यम एडवर्ड्स डेमिंग. तो इंजिनिअरिंग शिकला, गणिती भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि काम मात्र केलं संख्याशास्त्रज्ञाचं.

टेलिफोनच्या कारखान्यातले दोन उन्हाळे

डेमिंगचा जन्म १४ ऑक्टोबर १९०० ला अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या सू सिटीत झाला. पुढे कुटुंब वायोमिंगमधल्या पॉवेल या नव्या वसाहतीत गेलं. तिथे सुरुवातीची काही वर्षं डांबरी कागद ठोकलेल्या खोपटात गेली. आई संगीत शिकवायची आणि घरात पैसा बेताचाच. तरी १९२१ मध्ये तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला आणि १९२८ मध्ये येल विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली.

त्याआधी १९२५ आणि १९२६ च्या उन्हाळ्यात त्याने शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात काम केलं. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हा अवाढव्य कारखाना. चाळीस हजारांहून जास्त कामगार आणि माल म्हणजे टेलिफोन! त्या काळचे फोन इथेच बनायचे. कामगारांना नगावर पैसे मिळायचे. जेवढे नग, तेवढी मजुरी. शेवटी इन्स्पेक्टरांची फौज बसलेली, चांगला माल एका बाजूला आणि बिघडलेला दुसऱ्या बाजूला करत.

मला यात एक गोष्ट खटकते, ती डेमिंगलाही खटकली. बिघडलेला नग तयार व्हायलाही तेवढाच वेळ, तेवढंच साहित्य आणि तेवढीच मेहनत लागलेली असते. तो शेवटी पकडला म्हणजे नुकसान टळलं असं नाही. ते आधीच झालेलं असतं. पकडायला इन्स्पेक्टर ठेवला, तर त्याचा पगार वर.

एका पानाचा कागद

याच टेलिफोन कंपनीत वॉल्टर शूहार्ट नावाचा शास्त्रज्ञ होता. १६ मे १९२४ ला त्याने वरिष्ठांना जेमतेम एका पानाची टिपणी दिली. त्यात एक आलेख होता, ज्याला आपण आज कंट्रोल चार्ट म्हणतो.

कल्पना सोपी आहे. समजा, मशीन ५ मिलिमीटरचा स्क्रू बनवतं. प्रत्येक स्क्रू बरोब्बर ५ चा निघणार नाही. कधी ४.९९, कधी ५.०१. हा चढउतार त्या मशीनच्या स्वभावातच आहे. पण एखाद्या दिवशी अचानक ५.०८ यायला लागलं, तर काहीतरी वेगळं घडलंय. पातं झिजलं असेल, कच्चा माल बदलला असेल. आलेखावर वर एक रेघ, खाली एक रेघ. आकडे रेघांच्या आत आणि कुठलाही कल न दाखवता फिरत असतील तर मशीनला हात लावू नका. बाहेर गेले तर लगेच कारण शोधा. स्वाभाविक चढउतारालाही चूक समजून दर वेळी मशीन फिरवत बसलात, तर माल उलट जास्त बिघडतो.

डेमिंग तेव्हा अमेरिकेच्या शेतकी खात्यात नोकरीला होता. शूहार्टचा विचार त्याला इतका पटला, की त्याने १९३८ मध्ये त्याची व्याख्यानं खात्यात ठेवली आणि ती संपादित करून पुस्तकही काढलं. पुढे तो जनगणना खात्यात गेला आणि १९४० च्या जनगणनेत सॅम्पलिंग वापरण्याच्या कामात त्याचा मोठा वाटा होता.

शूहार्टचा आपल्याशीही संबंध आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून तो स्वातंत्र्यानंतर लगेचच भारतात आला होता आणि त्याच्या दौऱ्यामुळे आपल्या उद्योगांत या पद्धतीची चर्चा सुरू झाली.

सॅम्पल तपासलं म्हणजे नक्की काय केलं?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला लाखो वस्तू विकत घ्यायच्या होत्या. सगळ्या तपासणं अशक्य, म्हणून सॅम्पल तपासायचे तक्ते तयार झाले. आजही परदेशातून माल बनवून घेणाऱ्या कंपन्या त्याच वंशातले तक्ते वापरतात. त्यांना ट्रेडमध्ये एक्यूएल म्हणतात.

उदाहरण घेऊ. समजा, ५,००० पॉवर बँकची ऑर्डर आहे. तक्त्याची नेहमीची पातळी घेतली तर इन्स्पेक्टर २०० नग उघडतो. एक्यूएल २.५ ठरला असेल, तर १० पर्यंत खराब नग निघाले तरी अख्खी ऑर्डर पास, ११ निघाले की नापास.

आता गंमत बघा. त्या ५,००० पैकी २५० नग, म्हणजे ५ टक्के, खराब असले तर? गणित सांगतं, की असा माल शंभरातल्या साधारण ५८ वेळा पास होतो. इन्स्पेक्टरने चोरी केली नाही, लाच घेतली नाही, सगळं नियमाने केलं. तरीही निम्म्याहून जास्त वेळा ते २५० नग गिऱ्हाईकाच्या हातात जातात.

डेमिंगचा आक्षेप याहून खोल होता. कारखान्याची प्रक्रिया एकसारखी, स्थिर चाललेली असेल, तर एखाद्या लॉटमधले तपासलेले २०० नग उरलेल्या ४,८०० बद्दल वेगळं काहीच सांगत नाहीत. नाणं दहादा उडवून काय पडलं, यावरून पुढच्या दहा वेळी काय पडेल ते कळत नाही, तसंच. म्हणून त्याचा नियम साधारण असा होता : एक नग तपासायला १ रुपया लागतो आणि खराब नग पुढे गेला तर १०० रुपयांचं नुकसान होतं असं धरा. खराबीचं प्रमाण शंभरात एकापेक्षा कमीच राहत असेल तर तपासू नका, जास्तच राहत असेल तर सगळेच तपासा. आणि दोन्ही वेळा, खराबी तयार होते कुठे ते शोधा. तपासणी बंद करा असं त्याचं म्हणणं नव्हतं. तपासणीच्या भरवशावर राहू नका, असं होतं.

टोकियो, १९५०

युद्धाच्या काळात डेमिंगने अमेरिकेत हजारो इंजिनिअरांना ही पद्धत शिकवण्यात भाग घेतला. पण युद्ध संपलं, बाजारात मागणी उसळली, काहीही बनवा ते विकलं जात होतं. मग चार्ट कोण काढत बसणार? डेमिंगने त्यातून धडा घेतला : इंजिनिअर शिकले, पण साहेब शिकले नाहीत.

१९४७ मध्ये तो जनगणनेच्या कामासाठी जपानला गेला. शहरं बेचिराख, माणसं उपाशी. देशात पुरेसं धान्य नाही, खनिजं नाहीत. बाहेरून धान्य आणायचं तर काहीतरी विकायला हवं आणि जपानी माल तेव्हा जगभर टाकाऊ म्हणून बदनाम होता. आज कुठलीतरी अनोळखी चिनी वस्तू बघून आपण नाक मुरडतो ना, तसंच तेव्हा लोक जपानी वस्तूंकडे बघायचे.

१९५० मध्ये जपानी शास्त्रज्ञ आणि इंजिनिअरांच्या संघाने त्याला व्याख्यानांसाठी बोलावलं. यावेळी त्याने आधीच सांगितलं, की मला मालकांशी बोलायचंय. उद्योगांचे पुढारी इचिरो इशिकावा यांनी निरोप धाडले आणि जुलै १९५० मध्ये देशातले २१ मोठे उद्योगप्रमुख त्याच्यासमोर बसले.

फळ्यावर त्याने एक चित्र काढलं. डावीकडे कच्चा माल पुरवणारे, मध्ये कारखाना, उजवीकडे गिऱ्हाईक आणि गिऱ्हाईकाकडून परत डिझाईनकडे येणारा बाण. पुरवठादार म्हणजे कोणी परका नाही, तो याच यंत्रणेचा भाग आहे. सर्वांत स्वस्त कोटेशनवाल्याला ऑर्डर देऊन नंतर इन्स्पेक्टर पाठवण्यापेक्षा एका पुरवठादाराशी दीर्घकाळ नातं ठेवा, त्याच्यासोबत सुधारा. जपानी कंपन्यांनी ते ऐकलं. या व्याख्यानांच्या पुस्तकाचं मानधन त्याने घेतलं नाही. ते पैसे वापरून संघाने १९५१ मध्ये डेमिंग पारितोषिक सुरू केलं.

सगळं श्रेय एकट्या डेमिंगला देणं मला पटत नाही. जपानी इंजिनिअर आधीपासून हा विषय वाचत होते आणि अमलात आणायचं काम त्यांनीच केलं. पण मालकांना फळ्यासमोर बसवलं, ते डेमिंगने.

लाल मणी

डेमिंगचा एक खेळ प्रसिद्ध आहे. एका भांड्यात पांढरे आणि लाल मणी, दर पाचात एक लाल. प्रेक्षकांतून काही जणांना कामगार म्हणून बोलवायचं. हातात ५० खळगे असलेली पट्टी. ती भांड्यात बुडवून काढायची. पांढरा मणी म्हणजे चांगला माल, लाल म्हणजे खराब. लाल आणायचा नाही, अशी सक्त ताकीद.

कोणाच्या पट्टीवर ६ लाल यायचे, कोणाच्या १४. डेमिंग साहेब बनून कमी लालवाल्याचं कौतुक करायचा, जास्तवाल्याला झापायचा, शेवटी कामावरून काढायचा. प्रेक्षक हसायचे आणि मग गप्प व्हायचे. कारण लाल मणी भांड्यातच होते, कामगाराच्या हातात काहीच नव्हतं.

त्याच्या अंदाजाने कामातल्या ९४ टक्के अडचणी यंत्रणेच्या असतात आणि यंत्रणा बदलायचा अधिकार साहेबांकडे असतो. म्हणूनच शून्य दोषांची पोस्टर्स भिंतीवर लावायला त्याचा विरोध होता. दूर देशातल्या कारखान्यात ब्रँडचा दंड बसतो, तेव्हा तो बऱ्याचदा शेवटी लाईनवरच्या मुलीच्या पगारातून वसूल होतो. लाल मणी मात्र भांड्यातच राहतात.

आपल्याच गावात अनोळखी

अमेरिकेत तो जवळपास विस्मृतीत गेला होता. वॉशिंग्टनमधल्या घराच्या तळघरात त्याचं ऑफिस होतं. जपानी गाड्या आणि टीव्ही अमेरिकन बाजार काबीज करत होते आणि ज्याच्याकडून जपान शिकला तो माणूस तिथेच राहत होता. २४ जून १९८० ला एनबीसी वाहिनीवर जपानच्या यशावर एक माहितीपट लागला. त्यात डेमिंग दिसला आणि त्याचा फोन वाजायचा थांबेना. तेव्हा तो ७९ वर्षांचा होता.

१९८१ मध्ये फोर्डने त्याला बोलावलं. फोर्डचाच एक किस्सा मला फार महत्त्वाचा वाटतो. एकाच डिझाईनचा गिअरबॉक्स फोर्ड स्वतःच्या अमेरिकन कारखान्यात बनवायची आणि जपानच्या माझ्दाकडूनही बनवून घ्यायची. जपानी गिअरबॉक्सच्या तक्रारी कमी यायच्या. दोन्ही उघडून मोजले. अमेरिकन भाग ठरलेल्या मापाच्या मर्यादेत होते, म्हणजे तपासणीत पास. पण जपानी भाग एकमेकांसारखे, मर्यादेचा थोडासाच हिस्सा वापरणारे. पास दोन्ही, पण गाडी चालवताना फरक कळायचा. पास होणं आणि चांगलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डेमिंग शेवटपर्यंत चार दिवसांची शिबिरं घेत राहिला. डिसेंबर १९९३ मध्येही घेतलं. २० डिसेंबरला, वयाच्या ९३ व्या वर्षी, तो वॉशिंग्टनमध्ये वारला.

आपल्या खिशातल्या फोनसाठी

२०१६ मध्ये सॅमसंगचा नोट ७ पेट घेऊ लागला. कंपनीने साधारण २५ लाख फोन परत बोलावले आणि दुसऱ्या पुरवठादाराची बॅटरी घालून नवे दिले. तेही पेटले! जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की दोन्ही पुरवठादारांच्या बॅटऱ्यांमध्ये दोष होते आणि ते वेगवेगळे होते. पुरवठादार बदलला म्हणजे प्रश्न सुटला असं नसतं. त्यानंतर कंपनीने बॅटरीच्या चाचण्या वाढवल्या. तेही बरोबरच आहे. जिथे आग लागू शकते तिथे तपासणी हवीच.

डेमिंगची वाट चालणाऱ्या कंपन्या आपल्याकडेही आहेत. चेन्नईच्या सुंदरम-क्लेटनला १९९८ मध्ये आणि महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला २००३ मध्ये डेमिंग पारितोषिक मिळालं. ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीला ते मिळण्याची जगातली ती पहिलीच वेळ होती.

तुमच्यापैकी काही जण उद्या छोटा ब्रँड काढाल, बाहेरून केबल किंवा कव्हर बनवून घ्याल. तेव्हा इन्स्पेक्टर जरूर पाठवा. पण पुरवठादाराला दोन प्रश्नही विचारा : गेल्या महिन्यातल्या मोजमापांचा चार्ट दाखवता का? आणि खराब नग निघाला की तुम्ही कारण शोधता, की माणूस? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकूनच पुढची ऑर्डर ठरवा.