पंडिता रमाबाई आणि पवित्र आत्मा : केडगावच्या मुक्तीतले रोजचे जगणे



पंडिता रमाबाई म्हटलं की आपल्याला परीक्षेतली दोन-तीन वाक्यं आठवतात. शारदा सदनाची स्थापना, विधवांचे शिक्षण आणि पुढे ख्रिस्ती धर्माचा स्वीकार. तिसऱ्या वाक्यापाशी आपण जरा घाईने पुढे जातो. पण रमाबाईंच्या आयुष्याची शेवटची तीस वर्षे समजून घ्यायची असतील तर तिथेच थांबावं लागतं. त्या काळात त्या स्वतः ज्याच्या आधाराने जगलो असं मानत होत्या तो म्हणजे पवित्र आत्मा. आज त्याच बाजूने त्यांचं चरित्र पाहू.

आधी शब्द समजून घेऊ. वर्गात हा शब्द आला की एखादं तरी मूल विचारतं, बाई, आत्मा म्हणजे भूत का? मोठ्यांचाही गोंधळ होतोच, फक्त वेगळा. आपल्याकडे आत्मा म्हणजे प्रत्येकाच्या आत जन्मतःच असलेलं तत्त्व. ख्रिस्ती विचारात पवित्र आत्मा हा माणसाचा स्वतःचा आत्मा नव्हे, तो देवच आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव ते मानतात. बायबलच्या जुन्या करारात यासाठी जो हिब्रू शब्द येतो, रुआख, त्याचा साधा अर्थ वारा किंवा श्वास. वारा दिसत नाही, पण झाडाचं पान हललं की कळतो. तसं देव माणसाच्या आत येऊन राहतो, मन बदलतो, बळ देतो, अशी ती श्रद्धा आहे. आणि तो आला हे ओळखायचं कशावरून? तर माणसाच्या वागण्यावरून. त्याच्यात प्रेम, धीर, दया, संयम दिसतो का यावरून. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतलेला. रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते आई लक्ष्मीबाईंनी. घरदार असं नव्हतंच. पुराण सांगत तीर्थयात्रा करायच्या, मिळेल त्या दक्षिणेवर राहायचं. मग दुष्काळ आला आणि आई, वडील, मोठी बहीण एकामागून एक गेले. राहिले ते रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं हजारो मैल पायी फिरले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हतं, तेव्हा वाळूत खड्डे करून गळ्यापर्यंत वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. भागवताचा मोठा भाग पाठ असलेली मुलगी बरं का ही!

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी तिची विद्वत्ता पाहून पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह झाला, पुढच्या वर्षी मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या सुरुवातीला पटकीने पतीही गेले. चोविसाव्या वर्षाच्या आतच हे सगळं! त्यानंतर त्या पुण्याला आल्या. तिथे आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर कमिशनपुढे स्त्रियांच्या शिक्षणाबद्दल आणि स्त्री डॉक्टरांच्या गरजेबद्दल साक्ष दिली. पुढच्या वर्षी इंग्लंड. वैद्यकी शिकायची होती, पण कानाने कमी ऐकू येत असल्याने ते जमलं नाही. वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

इथे बहुतेक चरित्रं पान उलटतात. पण बाप्तिस्मा घेतला म्हणजे प्रश्न संपले असं झालंच नाही. उलट इथून सुरू झाले. चर्चचे अधिकारी सांगतील ते सगळं मुकाट्याने मान्य करणं त्यांना पटत नव्हतं. एक देव तीन रूपांत कसा, येशू देव कसा, यावर त्या आपल्या गुरू असलेल्या जोगिणीशी पत्रांतून वाद घालत. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, माझी संस्कृत का नको, असंही विचारत. मांसाहार केला नाही तो केलाच नाही. रमाबाईंनी चेल्टनहॅमला इंग्रज तरुणांना भारतीय भाषा शिकवाव्यात असा विचार निघाला, तर बाईने पुरुषांना शिकवू नये म्हणून बिशपांनी मोडता घातला. म्हणजे बघा, काशीच्या शास्त्र्यांची भीती होती तीच अडचण तिकडेही! माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणाच्या हाती देणार नाही, अशीच त्यांची भूमिका राहिली.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेत गेल्या, आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या तो समारंभ पाहायला. तिथे पुस्तक लिहिलं, व्याख्यानं दिली आणि दहा वर्षे मदत करणारी रमाबाई असोसिएशन उभी राहिली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, महर्षी कर्व्यांच्या पत्नी.

आता आपल्या विषयाशी येतो. १८९१ च्या सुमाराला रमाबाईंच्या हाती एका इंग्रज पाद्र्याचं आत्मचरित्र पडलं. हा माणूस कितीतरी वर्षे इतरांना उपदेश करत होता आणि मग एक दिवस त्याला कळलं की आपण आतून कोरडेच आहोत. ते वाचून रमाबाई दचकल्या. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाली होती. आपल्याला धर्म मिळाला, त्याची तत्त्वं मिळाली, पण ज्याच्यासाठी धर्म तो ख्रिस्त मिळालाच नाही, असं त्यांना प्रकर्षाने वाटलं. पुढे १९०७ मध्ये त्यांनी आपली साक्ष लिहिली, त्यात हे सगळं मोकळेपणाने सांगितलं आहे. बुद्धीने पटलेली गोष्ट आणि जगण्यात उतरलेली गोष्ट यातलं अंतर त्यांना दिसलं, आणि ते अंतर आपल्या जोरावर पार होत नाही, त्यासाठी देवाचा आत्माच लागतो, असा त्यांचा विश्वास बसला. लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांची शिबिरं भरत, तिथेही त्या जाऊ लागल्या.

याचा परिणाम सदनावर झाला, आणि तो सगळा गोड नव्हता. शारदा सदनात धर्माबाबत तटस्थता राहील असं ठरलेलं होतं. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली आपण होऊन तिथे येऊन बसत. केसरीतून टीका सुरू झाली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर हे सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. दार लावून घेतलं असतं तर? रमाबाईंचं म्हणणं असं की मुलींना त्यांच्या धर्माप्रमाणे वागायला मी आडकाठी करत नाही, मग माझी प्रार्थना मी चोरून का करू? पण शिक्षिका म्हणून मला दुसरी बाजूही दिसते. ज्या बाईंवर मुलींचा जीव जडलेला असतो, त्या नुसत्या शांत बसल्या तरी मुलींवर परिणाम होतोच. सल्लागारांची आणि पालकांची तक्रार अगदीच बिनबुडाची होती असं मला म्हणवत नाही.

१८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला. शाळेपुरताच पैसा, कसाबसा पुरणारा. तरीही आतून कुणी हलवावं तसं त्यांना वाटलं आणि त्या निघाल्या. उपासमार काय असते ते वाचून नव्हे, भोगून माहीत होतं ना! हाडांचे सापळे झालेल्या मुली त्यांनी गोळा केल्या, काहींना तर वाईट माणसांच्या तावडीतून सोडवावं लागलं. दोन-चार नव्हे, शेकड्यांनी मुली आल्या. पुण्यात प्लेग, इतक्या जणींना शहरात ठेवायची सोय नाही. केडगावला, आताच्या दौंड तालुक्यात, फळबागेसाठी घेऊन ठेवलेली सुमारे शंभर एकर जमीन होती. तिथे तंबू ठोकून, झोपड्या बांधून मुलींना नेलं. तेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे जवळजवळ दोन हजार बायका-मुली झाल्या.

दोन हजार माणसांचा स्वयंपाक डोळ्यांपुढे आणा. शाळेत शंभर-दीडशे मुलांची खिचडी शिजवताना आपली काय धांदल उडते! तिथे दळण, विहिरी, गोठा, शेती, माग, शिवण, तेलघाणी, छापखाना सगळं बायकांच्या हाती. अंध मुलींसाठी वेगळा विभाग होता, मनोरमेने ब्रेल शिकून घेऊन त्यांना शिकवलं. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होतं. अमेरिकेच्या असोसिएशनची दहा वर्षांची हमी १८९८ मध्ये संपली, तेव्हापासून ठरलेल्या मदतीचा भरवसा राहिला नाही, तो भरवसा प्रार्थनेवर. कुणाला हा भाबडेपणा वाटेल. पण या बाई प्रार्थना झाली की हिशेबाची वही उघडत आणि विहीर किती खोल गेली ते बघायला जात. आत्म्यावर विसंबणं आणि काम अंगावर घेणं यांत त्यांना विरोध दिसतच नव्हता.

मग १९०५ साल. वेल्समध्ये आध्यात्मिक जागृतीची लाट आल्याच्या बातम्या येत होत्या. रमाबाईंनी जानेवारीत मुलींना विचारलं, आपल्या इथेही पवित्र आत्मा यावा म्हणून रोज प्रार्थनेला कोण बसेल? सुरुवातीला सत्तर जणी होत्या, जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. जूनच्या अखेरीला एका रात्री एका मुलीला आपल्यावर अग्नी उतरल्यासारखं वाटलं. जवळच्या मुलीला ती खरंच जळताना दिसली, म्हणून ती पाण्याची बादली आणायला धावली, असं तिथे काम करणाऱ्या अमेरिकन मिनी अब्राम्स यांनी लिहून ठेवलं आहे. दुसऱ्या दिवशी, ३० जूनला, रमाबाई बायबलचा पाठ घेत असताना मुली रडू लागल्या, मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या. पाठ थांबवावा लागला. पुढे कितीतरी दिवस शाळेचे तासच प्रार्थनेचे झाले.

बाहेरच्या मिशनऱ्यांतल्या काहींनी नाकं मुरडली. एवढा गोंगाट, एवढं रडणं, ही कसली भक्ती? रमाबाईंचं उत्तर मला फार आवडतं. पाश्चात्त्य लोक मुकाट्याने प्रार्थना करतात म्हणून भारतीय बायकांनीही तशीच करावी असा नियम कुठला? त्यांच्या स्वभावाला धरूनच देव त्यांच्यात काम करील, असं त्यांनी सांगितलं. वीस वर्षांपूर्वी लॅटिन-संस्कृतवरून वाद घालणारी तीच ही बाई!

पण त्यांनी आवाजालाच सगळं मानलं असंही नाही. पुढे काही मुली अनोळखी भाषांत प्रार्थना करू लागल्या, तेव्हा त्यांनी त्यांची टर उडवू दिली नाही. मात्र अशी वाणी प्रत्येकाला यायलाच हवी, तीच आत्म्याची खूण, हे त्यांनी मान्य केलं नाही. खरी खूण प्रेमाची. मुलगी रात्रभर रडली, ठीक आहे. सकाळी तिने आपल्याकडून झालेली चूक कबूल केली का? जिच्याशी भांडण होतं तिच्याशी बोलली का? आजारी मुलीपाशी बसली का? त्या मुली मग गटागटाने आसपासच्या खेड्यांत प्रार्थना आणि उपदेश करायला जाऊ लागल्या. ज्यांना पाच-सात वर्षांपूर्वी उचलून आणावं लागलं होतं, त्याच. मिनी अब्राम्स यांनी या घटनांवर लिहिलेलं पुस्तक दक्षिण अमेरिकेत चिलीपर्यंत पोचलं आणि तिथे १९०९ मध्ये झालेल्या पेंटेकॉस्ट चळवळीला त्यातून चालना मिळाली. केडगावची बातमी चिलीत!

रमाबाई स्वतः मात्र या काळात एका फार निवांत, किचकट कामात बुडाल्या होत्या. बायबलचं मराठी भाषांतर त्यांना जड वाटायचं. संस्कृतप्रचुर शब्द शेतात राबणाऱ्या बाईला कसे कळणार? आणि ही तक्रार संस्कृतच्या पंडितेची! उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ ग्रंथ समोर ठेवून एकटीने सगळं बायबल सोप्या मराठीत आणायला बसल्या. कान जवळजवळ गेलेले, प्रकृती खालावत चाललेली, वर सदनाचा सगळा व्याप. यात पंधरा वर्षांहून अधिक काळ गेला. १९२१ च्या जुलैत मनोरमा वारली. आपल्यामागे मुक्ती सांभाळायची म्हणून तयार केलेली एकुलती एक मुलगी. त्यानंतरही रमाबाई प्रुफे तपासायला बसत राहिल्या. शेवटची प्रुफे हातावेगळी झाली आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून झालं, मुक्तीच्याच छापखान्यात. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी, सगळं तिथल्या बायकांनी केलं. त्यांतल्या अनेकींना केडगावला येईपर्यंत अक्षरओळखही नव्हती.