सरखेल एकच!

परीक्षा संपली की आपल्या होस्टेलची अर्धी जनता रत्नदुर्गावर दिसते. भगवतीचं दर्शन घ्यायचं, तटावर बसायचं, भेळ खायची आणि सबमिशन विसरायचं. गेल्या खेपेला आमच्यातला एक जण सीडीएसच्या पुस्तकासकट आला होता. त्याने विचारलं, सैन्यात सर्वांत वरच्या हुद्द्यावर किती जण असू शकतात?

उत्तर देशागणिक बदलतं. अमेरिकेत १९४४ च्या डिसेंबरमध्ये कायदा करून पाच ताऱ्यांचे हुद्दे निर्माण केले, आणि त्याच कायद्यात भूदलात चार व नौदलात चार एवढीच मर्यादा घातली. आपल्याकडे फील्ड मार्शल झाले दोघेच, १९७३ साली माणेकशॉ आणि १९८६ साली करिअप्पा. हवाई दलात त्या तोडीचे एकच, २००२ साली अर्जन सिंग. नौदलात मात्र हा हुद्दा आजवर कोणालाच मिळालेला नाही.

पण ज्या तटावर आम्ही बसलो होतो, त्याच किनाऱ्यावर तीनशे वर्षांपूर्वी समुद्रावरचा सर्वोच्च हुद्दा एका माणसाने तीस वर्षं सांभाळला. ते म्हणजे सरखेल कान्होजी आंग्रे.

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. वडील तुकोजी शिवरायांच्या चाकरीत होते. कान्होजींचं नाव पहिल्यांदा गाजलं ते आपल्याच जिल्ह्यातल्या हर्णैच्या सुवर्णदुर्गावर. असं सांगतात, की किल्लेदार किल्ला सिद्दीच्या हवाली करायच्या बेतात होता. तरुण कान्होजींनी त्यालाच कैद केलं आणि किल्ला लढवला. पुढे १६९८ साली आरमारप्रमुख सिधोजी गुजर वारले आणि छत्रपती राजारामांच्या काळात कान्होजी सरखेल झाले. सरखेल म्हणजे मराठी आरमाराचा मुख्य, आजच्या भाषेत अ‍ॅडमिरल.

हुद्दा मिळाला, पण पंचाईत पुढेच होती. १७०७ साली शाहू महाराज सुटून आले आणि मराठी गादीच दोन झाल्या, एक शाहूंची, एक ताराराणींची. कान्होजी ताराराणींच्या बाजूला राहिले. १७१३ मध्ये शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळ्यांना त्यांच्यावर धाडलं, तर कान्होजींनी पेशव्यांनाच पकडलं! मग नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ आले, ते लढायला नाही तर बोलायला. हे मूळचे श्रीवर्धनचे, म्हणजे कोकणातलेच. तह झाला. कान्होजी शाहूंकडे आले, पिंगळे सुटले आणि सरखेलपद कान्होजींकडेच कायम राहिलं. त्यांना दहा मोठे किल्ले आणि सोळा लहान ठाणी मिळाली. विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि आपल्या तालुक्यातला जयगड त्यातच आला.

घरचं भांडण मिटल्यावर कान्होजींना समुद्राकडे नीट बघता आलं. आंग्र्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय या किनाऱ्यावरून व्यापारी जहाज नेणं कठीण झालं. इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवलं, पण कान्होजी छत्रपतींच्या हुद्द्यावर, आपल्याच पाण्यात जकात घेत होते. १७१७ ला इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला, १७१८ ला खांदेरीवर, १७२० ला पुन्हा विजयदुर्गावर. १७२१ ला तर इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले. एकदाही जमलं नाही. गुराबं आणि गलबतं युरोपीय जहाजांपेक्षा लहान, पण उथळ खाडीत सहज शिरणारी. मोठं जहाज तिथे यायचंच नाही. साधं इंजिनिअरिंग आहे बघा, जागा पाहून डिझाइन!

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी गेले. त्यांची समाधी अलिबागला आहे.

आणि इथून पुढची गोष्ट वाचताना वाईट वाटतं. थोरले चिरंजीव सेखोजी सरखेल झाले, पण १७३३ मध्येच वारले. मग संभाजी आणि मानाजी या भावांत जुंपली. १७३५ साली बाजीराव पेशव्यांनी तोड काढली. संभाजींना सरखेलपद आणि दक्षिणेचे किल्ले, मानाजींना कुलाबा आणि ‘वजारतमाब’ हा वेगळा किताब. कागदावर दोघंही खूश. प्रत्यक्षात एका आरमाराची दोन झाली. पुढे संभाजी कुलाब्यावर चालून गेले, तेव्हा मानाजींनी पेशव्यांना बोलावलं. संभाजींनंतर तुळाजी सरखेल झाले आणि त्यांचं पेशव्यांशीच फाटलं. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हात मिळवला. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग गेला. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला आणि तिथेच आंग्र्यांचं आरमार जळालं. बापाच्या हयातीत जे इंग्रजांना कधी साधलं नाही, ते आपल्याच माणसांच्या मदतीने साधलं.

मुंबईतल्या नौदलाच्या तळाला १९५१ पासून ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव आहे. तिथे रोज सलाम झडत असतील. पण कान्होजींकडून शिकायचं ते वेगळंच आहे. वरच्या जागा कमी का ठेवतात, याचं उत्तर फक्त पगार आणि मानपान नाही. वादळात सुकाणू कोणाच्या हातात आहे, हे खलाशाला न विचारता कळलं पाहिजे. हुद्दे वाटून भाऊ खूश करता येतात, जहाज चालवता येत नाही.

पुढच्या वेळी रत्नदुर्गावर गेलात, तर भेळ संपल्यावर दोन मिनिटं समुद्राकडे बघा. आणि हो, कागद खाली टाकू नका!