गिटारच्या जुन्या अ‍ॅम्पवर ‘८ ओहम’ लिहिलेलं असतं, त्यामागं शाळा सोडलेल्या एका तारमास्तरचं डोकं आहे

मार्शल नाहीतर फेंडरचा जुना व्हॉल्व्हवाला गिटार अ‍ॅम्प कधी मागच्या बाजूनं बघितलाय का? स्पीकरची वायर जिथं जोडायची तिथं आकडे असतात. ४, ८, १६ आणि पुढं ओहमची खूण. काहींवर एकच आकडा असतो. नवखा गडी तिकडं लक्षच देत नाही, पिन बसली म्हणजे झालं. मग एखाद्या दिवशी भर कार्यक्रमात अ‍ॅम्पमधून जळका वास येतो आणि आवाज बंद. आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेलेला असतो. जुन्या अ‍ॅम्पचा हा सगळ्यात महागड्या भागांपैकी एक, आणि मूळचा गेला की तसाच दुसरा मिळणं मुश्किल.

ते आकडे ज्या गोष्टीचे आहेत तिला म्हणतात इम्पीडन्स. हा शब्द १८८६ साली ऑलिव्हर हेविसाइड नावाच्या एका इंग्रज माणसानं काढला. तेव्हा इलेक्ट्रिक गिटार नव्हती, व्हॉल्व्ह नव्हता आणि आजच्यासारखा स्पीकरही नव्हता. शब्द काढणाऱ्याकडं डिग्री नव्हती आणि नोकरीही नव्हती.

हेविसाइडचा जन्म १८ मे १८५० चा, लंडनच्या कॅमडेन टाउनमधला. वडील लाकडावर चित्रं कोरायचे. घरची परिस्थिती बेताची. लहानपणी त्याला स्कार्लेट फीवर झाला आणि ताप उतरला तरी ऐकू कमी यायला लागलं. बाकीच्या पोरांत मिसळणं अवघड झालं, स्वभाव एकलकोंडा बनत गेला. १६ व्या वर्षी शाळा सुटली. नशिबानं मावशीचे यजमान होते चार्ल्स व्हीटस्टन. हो, बारावीच्या फिजिक्समधला व्हीटस्टन ब्रिज तो हाच. विजेची तार आणणाऱ्यांतला मोठा माणूस, शिवाय कॉन्सर्टिना हे वाद्यही त्याचंच. घरातच असा माणूस असल्यावर पोरगं तारखात्याकडं वळलं यात नवल नाही.

१८६८ साली हेविसाइड डेन्मार्कला गेला आणि तारमास्तर झाला. इंग्लंड आणि डेन्मार्कच्या मध्ये समुद्रातून केबल टाकलेली होती, तिच्यावर संदेश पाठवायचं काम. पुढं तो इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला आला. या केबलची एक गंमत होती. एका दिशेनं संदेश भराभर जायचे, उलट्या दिशेनं तेवढ्या वेगानं जायचे नाहीत. केबल तीच, समुद्र तोच. मग फरक का? पुढं हेविसाइडनं गणित मांडून दाखवलं की दोष केबलचा नाही, तिच्या दोन्ही टोकांना जे जोडलंय त्याचा आहे. टोकाला काय जोडलंय, या प्रश्नानं त्याला नंतर कधी सोडलंच नाही. स्पीकरची पिन हातात धरून उभ्या असलेल्या माणसाचाही प्रश्न तोच असतो.

१८७४ साली, २४ व्या वर्षी त्यानं नोकरी सोडली. त्यानंतर आयुष्यभर पुन्हा नोकरी केली नाही. आईवडिलांकडं राहायचा, खोलीत बसून अभ्यास करायचा. मॅक्सवेलचा विजेवरचा मोठा ग्रंथ १८७३ ला आला होता. शाळेत शिकलेल्या गणिताच्या जोरावर तो कळणं शक्यच नव्हतं. या पठ्ठ्यानं आधी गणित शिकून घेतलं, मग तो ग्रंथ पचवला, आणि मग मॅक्सवेलची वीस समीकरणं आटवून चारवर आणली. आज जगभरात इंजिनिअरिंगची पोरं मॅक्सवेलची म्हणून जी चार समीकरणं घोकतात, त्यांचं हे रूप घडवण्यात हेविसाइडचा मोठा हात आहे.

पैसे मिळायचे ते ‘द इलेक्ट्रिशियन’ या साप्ताहिकात लिहिण्याचे, वर्षाला साधारण ४० पौंड. त्याच साप्ताहिकात इम्पीडन्स हा शब्द आला. इंग्रजीत इम्पीड म्हणजे अडवणं, त्यावरून.

आता तुम्ही म्हणाल, वीज अडवण्याला शाळेत आपण रोध म्हणतो, मग नवा शब्द कशाला? तर गोम अशी आहे की रोध फक्त तारेचा असतो. वीज सतत उलटसुलट वाहत असेल, म्हणजे गिटारचा सूर असतो तशी, तर तारेचं वेटोळंही तिला अडवतं, आणि ते किती अडवणार हे सूर किती उंच आहे त्यावर ठरतं. हा सगळा मिळून अडथळा म्हणजे इम्पीडन्स. म्हणून तर ८ ओहमच्या स्पीकरला साधा मीटर लावला की तो सहा-सात ओहमच दाखवतो. स्पीकर बिघडलेला नसतो, मीटर फक्त रोध मोजत असतो. आणि वाजताना तर हा आकडा एका जागी थांबतच नाही. खर्जातल्या एका ठरावीक सुराला तो कितीतरी पट वर जातो. ८ हा आपला सोयीसाठी धरलेला आकडा.

आता व्हॉल्व्हचं दुखणं काय, ते बघू. व्हॉल्व्हला दाब भरपूर लागतो आणि तो विजेचा प्रवाह थोडाच देतो. त्याला समोर हजारो ओहमचा भार हवा असतो. स्पीकर तर ८ ओहमचा. दोघांची गाठ घालून देतो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. समजा व्हॉल्व्हला ६४०० ओहम हवेत. ६४०० भागिले ८ म्हणजे ८००. त्याचं वर्गमूळ साधारण २८. म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये व्हॉल्व्हच्या बाजूला स्पीकरच्या बाजूपेक्षा २८ पट वेढे. आता त्याच जागी ४ ओहमचा स्पीकर लावला तर व्हॉल्व्हला ३२०० दिसतात, प्रवाह वाढतो आणि व्हॉल्व्ह लवकर झिजतात. १६ चा लावला तर १२८०० दिसतात आणि आतला दाब चढतो. एक पायरी इकडंतिकडं झाली तर बरेच अ‍ॅम्प सांभाळून घेतात. जुन्या अ‍ॅम्पवर तो जुगार खेळू नये, हे माझं मत.

खरा घात होतो तो स्पीकर न लावताच अ‍ॅम्प वाजवला तर. ट्रान्सफॉर्मरमधल्या ऊर्जेला बाहेर पडायला वाट राहत नाही, दाब प्रचंड उसळतो, व्हॉल्व्हच्या बैठकीत ठिणगी पडते नाहीतर ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांमधलं आवरण फाटतं. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पचं बरोब्बर उलटं असतं. तो स्पीकर नसला तरी सहसा निवांत बसतो, पण ओहम फार कमी झाले की मरतो. त्यामुळे एकाची सवय दुसऱ्याला लावली की घोटाळा होतो.

दोन स्पीकर असतील तर हिशोब बदलतो. ८ चे दोन समांतर जोडले की ४, एकामागं एक जोडले की १६. फेंडरच्या ट्विन रिव्हर्बमध्ये ८ चे दोन समांतर असतात, म्हणून तो ४ ओहमचा अ‍ॅम्प. मार्शलच्या चार स्पीकरच्या पेटीत १६ चे चार असे गुंफतात की एकूण परत १६ च येतात. (हे सगळं बाहेरून पाहायचं. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प उघडायच्या भानगडीत पडू नका, आत ४०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढला तरी तो काही काळ तिथंच बसून राहतो.)

हेविसाइडकडं परत येऊ. १८८७ च्या आसपास त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. तारेच्या टोकाला नेमका जुळणारा रोध लावला तर तिथं पोचलेली लाट पूर्ण शोषली जाते. जुळला नाही तर तिचा काही भाग उलटा फिरतो. दुसरी गोष्ट त्याहून मोठी होती. लांबच्या टेलिफोन लाइनवर आवाज फाटतो, पण लाइनमध्ये इंडक्टन्स वाढवला, म्हणजे वेटोळ्यांचा गुण मुद्दाम आणला, तर आवाज फाटणार नाही.

ब्रिटिश पोस्ट खात्यातले बडे इंजिनिअर विल्यम प्रीस यांचं मत याच्या अगदी विरुद्ध होतं. त्यांच्या लेखी इंडक्टन्स म्हणजे दुष्मन. ऑलिव्हरचा भाऊ आर्थर पोस्ट खात्यात प्रीस यांच्याच हाताखाली होता. दोघा भावांनी मिळून टेलिफोनवर निबंध लिहिला, प्रीस यांनी तो छापू दिला नाही. त्याच वर्षी ‘द इलेक्ट्रिशियन’चे संपादक बदलले आणि नव्या संपादकानं हेविसाइडची लेखमाला बंद केली. कमाईचं एकमेव दार होतं, तेही लागलं.

पुढं लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झालेल्या विल्यम थॉमसन यांनी १८८९ साली जाहीरपणे त्याच्या कामाची बाजू घेतली, तेव्हा वारं जरा फिरलं. १८९१ ला रॉयल सोसायटीनं त्याला फेलो करून घेतलं. पण टेलिफोनचा पैसा गेला अमेरिकेत. तिथं जॉर्ज कॅम्पबेल आणि मायकेल प्युपिन यांनी लाइनमध्ये ठरावीक अंतरावर कॉइल बसवायची पद्धत काढली, पेटंट प्युपिनला मिळालं आणि टेलिफोन कंपनीनं त्यासाठी लाखो डॉलर मोजले. हेविसाइडनं आपल्या कल्पनेचं पेटंटच घेतलं नव्हतं. १८९६ पासून त्याला सरकारी पेन्शन सुरू झालं, वर्षाला १२० पौंड. तेसुद्धा मित्रांनी खटपट केली म्हणून.

शेवटची वर्षं त्यानं टॉर्की या समुद्राकाठच्या गावी काढली. घरात लाकडी फर्निचरऐवजी ग्रॅनाइटचे दगड ठेवले होते असं सांगतात. पत्रात सहीखाली डिग्रीसारखी अक्षरं लावायचा, डब्ल्यू. ओ. आर. एम. सलग वाचलं की इंग्रजीत होतं वर्म, म्हणजे किडा. १९२२ साली इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सच्या संस्थेनं फॅरेडे मेडल सुरू केलं आणि पहिलंच त्याला दिलं. १९०२ साली त्यानं लिहून ठेवलं होतं की आकाशात उंचावर विजेचा एक थर असावा, त्यामुळं रेडिओच्या लाटा पृथ्वीच्या गोलाईवरून पलीकडं पोचतात. तो थर खरंच आहे हे एडवर्ड अ‍ॅपलटन यांनी प्रयोगानं दाखवलं डिसेंबर १९२४ मध्ये. शिडीवरून पडून खचलेला हेविसाइड ३ फेब्रुवारी १९२५ ला गेला. पेन्टनच्या दफनभूमीत आईवडिलांच्याच कबरीत त्याला ठेवलंय.

त्याच १९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोन इंजिनिअरांनी कागदी कोन आणि हलत्या कॉइलच्या नव्या स्पीकरवर निबंध छापला. गिटार अ‍ॅम्पमध्ये आजही बसतो तो त्याच जातीचा स्पीकर.