होमी भाभा आणि कल्याणच्या बत्तीस तबकड्या

१९६५ साली कल्याणच्या परिसरात सहा फूट व्यासाच्या बत्तीस धातूच्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या होत्या. चोवीस पूर्व-पश्चिम रांगेत, आठ उत्तर-दक्षिण. त्या सूर्याकडून येणाऱ्या रेडिओलहरी टिपत होत्या. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या आजच्या किती रहिवाशांना हे ठाऊक असेल? देशातल्या अगदी सुरुवातीच्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आपल्या शेजारच्या स्टेशनाच्या आसऱ्याने उभी राहिली आणि तिच्यामागे होमी भाभा होते. अणुऊर्जेचे भाभा सगळ्यांना माहीत आहेत. सर्किटे आणि सुटे भाग यांची काळजी वाहणाऱ्या भाभांविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही.

त्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या सुखवस्तू पारशी घरातला. मुलाने केंब्रिजला जाऊन मेकॅनिकल इंजिनीअर व्हावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, असा घरचा बेत होता. मुलाचे मन भौतिकशास्त्रात होते. आधी इंजिनीअरिंग पहिल्या वर्गात पूर्ण कर, मग तुला हवे ते शीक, अशी वडिलांनी अट घातली. १९३० साली ती अट पुरी झाली. पुढे १९३७ मध्ये त्यांनी वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला. अवकाशातून आलेला एक वेगवान कण वातावरणात शिरल्यावर त्यापासून कणांची साखळी कशी फुटत जाते, हे त्यातून उलगडले.

१९३९ मध्ये ते सुट्टीवर भारतात आले, तेवढ्यात युद्ध पेटले आणि परतीचा रस्ता बंद झाला. ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राहिले. कागद-पेन्सिलीने काम करणाऱ्या या माणसाला इथे पहिल्यांदा उपकरणांच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. युद्धकाळात परदेशातून माल मिळणे कठीण होते आणि सिद्धांत तपासायचा तर विश्वकिरण मोजणारे यंत्र हवे होते.

हे यंत्र म्हणजे गायगर काउंटर. वायूने भरलेली धातूची नळी आणि तिच्या मधोमध बारीक तार. दोन्हींमध्ये हजारेक व्होल्टचा दाब दिला की आतून एखादा कण गेल्यावर विजेचा छोटा ठोका मिळतो. पण असे ठोके जमिनीतल्या किरणोत्सर्गानेही पडतात. म्हणून दोन किंवा तीन नळ्या एकावर एक ठेवतात. सगळ्यांत एकाच क्षणी ठोका पडला, तरच वरून आलेला कण आरपार गेला असे धरतात. आता हा ‘एकच क्षण’ केवढा असावा? हे ठरवतात एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर. १ लाख ओहमचा रेझिस्टर आणि १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर घेतला, तर दोन्हींचा गुणाकार येतो सेकंदाचा एक लाखावा भाग, म्हणजे १० मायक्रोसेकंद.

घरी हिशेब करून पाहण्यासारखा आहे. प्रत्येक नळीत सेकंदाला १०० ठोके पडत असतील आणि नळ्या दोनच असतील, तर निव्वळ योगायोगाने ठोके जुळण्याचे प्रमाण मिनिटाला सुमारे बारा येते. खरे विश्वकिरण या खोट्या जुळणीत हरवून जातील. नळ्या तीन केल्या की हेच प्रमाण तासाला साधारण एकवर उतरते. महाग भाग न घेता, फक्त मांडणी बदलून! छंद म्हणून सर्किट बांधणाऱ्याने हे आधी शिकावे, असे मला वाटते. नवशिका माणूस बदलापूरहून गाडी पकडतो, दादरला बदलून ग्रँट रोडला उतरतो आणि लॅमिंग्टन रोडवर एक टक्का अचूकतेचे रेझिस्टर सरसकट विकत घेतो. एलईडीच्या वाटेतला रेझिस्टर वीस टक्के इकडे-तिकडे झाला तरी काही बिघडत नाही. वेळ ठरवणाऱ्या जागी मात्र रेझिस्टर अचूक घेऊन कपॅसिटर साधा सिरॅमिक घेतला, तर गरम दुपारी सगळा हिशेब चुकतो. पैसे कुठे घालायचे, हे सर्किट सांगते.

१९४४ च्या सुमारास भाभा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी मोजणी यंत्रे अमेरिकी लष्करी विमानातून सुमारे ३० हजार फुटांवर नेली. त्या उंचीवर हवेचा दाब जमिनीवरच्या एक-तृतीयांशाच्या आसपास असतो आणि विरळ हवेत ठिणगी सहज उडते. टेबलावर मुकाट राहणारी हजार व्होल्टची तार तिथे चटचटू शकते. सुट्या भागाची निवड तो कुठे बसणार आहे हे पाहून करायची असते, हा धडा विमानात फार लवकर मिळतो.

जून १९४५ मध्ये टाटा ट्रस्टच्या मदतीने टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली आणि त्या वर्षअखेर ती मुंबईत, पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आली. भाभांचा जन्म याच घरातला. मुंबईत आणखी एक शत्रू होता, तो म्हणजे दमट हवा. काउंटरच्या सर्किटात कोट्यवधी ओहमचे रेझिस्टर लागतात. त्यांच्यावर ओलसर धुळीचा थर बसला की विजेला दुसरी वाट मिळते आणि मोठ्या किमतीचा रेझिस्टर नुसता नावाला उरतो. जुलैत अंबरनाथला ज्यांचा माइकचा प्रीअँप्लिफायर उगाच खरखरतो, त्यांनी सर्किट बदलण्याआधी सोल्डरचा चिकट थर स्पिरिटने धुऊन, बोर्ड वाळवून त्यावर वॉर्निशचा हात मारून पाहावा.

भाभांचा हट्ट होता की उपकरणे शक्यतो इथेच बांधायची. विकत आणलेले यंत्र बिघडले की पुन्हा विलायतेचे तोंड पाहावे लागते आणि बांधणारी माणसे घडत नाहीत, ती नाहीतच. ए. एस. राव यांच्या नेतृत्वाखाली संस्थेत इलेक्ट्रॉनिक्सचा गट उभा राहिला. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्यात ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. इंधन ब्रिटनचे होते, नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मात्र या गटाची. पुढे हैदराबादची ईसीआयएल ही सरकारी कंपनी याच परंपरेतून १९६७ मध्ये निघाली.

या हट्टाची किंमतही होती, हे लपवण्यात अर्थ नाही. घरी बांधलेल्या यंत्राला वेळ जास्त लागे, आणि यंत्र देशी असले तरी आतले कितीतरी व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर बाहेरचेच असत. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये ते बनू लागायला साठचे दशक उजाडले. चीन युद्धानंतर १९६३ मध्ये सरकारने भाभांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली. विक्रम साराभाई, एस. भगवंतम आणि राव हे बाकीचे सदस्य. नुसती रेडिओ-रडार जोडून भागणार नाही, आतले सुटे भागही देशात झाले पाहिजेत, हा विचार या समितीने धोरणात आणला.

आता पुन्हा कल्याण. १९६१ मध्ये परदेशात काम करणाऱ्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी परत येण्याची तयारी पत्राने कळवली. गोविंद स्वरूप, टी. के. मेनन, एम. आर. कुंडू आणि टी. कृष्णन ही ती चौघे. जानेवारी १९६२ मध्ये भाभांची होकाराची तार गेली. सरकारी संस्थेने तारेने नोकरीचा होकार कळवावा, हे आजही आश्चर्याचे वाटावे. स्वरूप १९६३ मध्ये मुंबईत आले. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ पॉट्स हिलला ज्या तबकड्यांवर त्यांनी तरुणपणी काम केले होते, त्याच तबकड्या भारताला भेट मिळाल्या होत्या आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत वापराविना होत्या. त्या कल्याणला आल्या आणि ६१० मेगाहर्ट्झवर काम करू लागल्या.

६१० मेगाहर्ट्झ म्हणजे सुमारे ४९ सेंटिमीटरची लहर. साध्या केबलमध्ये ती आणखी आखूड, ३३ सेंटिमीटरच्या आसपास होते. बत्तीस तबकड्यांचे संकेत एकत्र करायचे, तर प्रत्येक संकेताने सारखेच अंतर कापून यायला हवे. एक केबल सेंटिमीटरभर लांब राहिली, तर तिचा संकेत ११ अंशांनी मागे पडतो. पूर्व-पश्चिम रांग ६३० मीटर लांब होती, त्यावरून जोखीम लक्षात यावी. दुसरी गोष्ट आवाजाची. प्रत्येक अँप्लिफायर स्वतःची खरखर मिसळतो. पहिल्या टप्प्याने संकेत शंभरपट वाढवला, तर दुसऱ्या टप्प्याची खरखर त्याच्या तुलनेत शंभरावा भाग उरते. म्हणून चांगला, कमी खरखरीचा ट्रान्झिस्टर अँटेनाला लागून पहिल्या टप्प्यात लावायचा. पुढे साधा चालतो. घरगुती एफएम रेडिओलाही हाच नियम लागू पडतो.

कल्याणच्या निरीक्षणांतून सूर्याची कड मध्यभागापेक्षा बरीच उजळ दिसली आणि त्याच्या प्रभामंडलाचे तापमान दहा लाख अंशांच्या आसपास असल्याचे आढळले.

दुर्बीण सुरू होऊन जेमतेम नऊ महिने झाले होते. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवर एअर इंडियाचे विमान कोसळले आणि त्यात भाभा गेले. वय ५६. इलेक्ट्रॉनिक्स समितीचा अहवाल त्याच वर्षी आला. कल्याणला हात बसलेल्या गटाने १९७० मध्ये उटीला ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभारली आणि नंतर पुणे जिल्ह्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय दुर्बीण. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढून आळेफाट्याला पोहोचले की नारायणगाव जवळच, आणि तिथून थोड्या अंतरावर त्या तबकड्या दिसू लागतात.