बर्फ नसतानाची मेहनत

कुत्र्यांनी ओढायची बर्फावरची गाडी, म्हणजे स्लेज, आपण पाहिली ती सिनेमातच. आपल्या वसई-विरारच्या दमट हवेत बर्फ दिसतो तो मासळीच्या टोपलीत! तरीही आज ज्या माणसाची ओळख करून द्यायची आहे, तो अर्नाळ्याच्या, पाचूबंदरच्या बायकांना आपल्यातलाच वाटेल. कारण तो मासेमाराच्या घरातला होता. त्याचं नाव लिओनहार्ड सेप्पाला.

१८७७ साली नॉर्वेच्या उत्तर टोकाला त्याचा जन्म झाला. वडील लोहारकाम करायचे आणि मासेमारीही. लहान वयातच तो वडिलांबरोबर थंडगार समुद्रात जाऊ लागला. पुढे अलास्कातल्या नोम गावात सोनं सापडल्याची बातमी आली आणि १९०० साली तो तिकडे पोचला. सोन्याने काही हात दिला नाही, पण खाण कंपनीत नोकरी मिळाली आणि कुत्र्यांची गाडी हाकायचं काम आलं. त्यात त्याचा जीव रमला. बेल्जियमहून आलेल्या कॉन्स्टन्सशी लग्न झालं, संसार मांडला.

ध्रुवावर जाणाऱ्या अमुंडसेनसाठी आणलेली सैबेरियन कुत्र्यांची पिल्लं त्याच्याकडे तयारीला आली होती. ती मोहीम रद्द झाली आणि कुत्रे त्याच्याकडेच राहिले. १९१४ साली तो त्यांना घेऊन साडेसहाशे किलोमीटरच्या मोठ्या शर्यतीत उतरला. वादळात वाट चुकली, कुत्र्यांचे पाय रक्तबंबाळ झाले, शर्यत सोडावी लागली. मुक्या जिवांचे हाल आपल्यामुळे झाले, हे त्याच्या मनाला फार लागलं. पुढे १९१५, १९१६ आणि १९१७ अशी सलग तीन वर्षं त्याने तीच शर्यत जिंकली.

हे जमलं कसं? उत्तर उन्हाळ्यात आहे! नोमचा उन्हाळा म्हणजे जेमतेम पंधरा अंश. आपण स्वेटर घालू, पण दाट दुहेरी केसांच्या त्या कुत्र्यांना तेवढंही गरम होतं. त्यांना आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं, हाच त्यांचा पंखा. म्हणून ओझं कमी, अंतर कमी, पाणी भरपूर आणि विसावा वेळच्या वेळी, हे धोरण ठेवावं लागतं. पण अजिबात बांधून ठेवलं तर कुत्रे सुस्तावतात, एकमेकांशी भांडतात. नोमजवळ खाणींसाठी टाकलेले अरुंद रूळ होते. रेल्वेची नेहमीची फेरी बंद पडल्यावर त्या रुळांवर छोटी चाकांची गाडी ठेवून लोक ती कुत्र्यांकडून ओढवून घेत. सेप्पालाही तेच करी. कंपनीचं काम होई आणि कुत्र्यांचे पायही चालते राहत. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की आपल्याकडे जाळी विणतात, होडी डागडुजीला काढतात, तसंच म्हणा ना!

याच कळपातला टोगो. लहानपणी आजारी, मरतुकडा. कॉन्स्टन्सने त्याची शुश्रूषा केली म्हणून तो जगला. सेप्पालाने त्याला दुसऱ्या घरी देऊन टाकलं, तर हा पठ्ठ्या खिडकीची काच फोडून परत आला! पुढे तोच कळपाचा म्होरक्या झाला.

जानेवारी १९२५. नोममध्ये घटसर्पाची साथ आली, मुलं दगावू लागली. बंदर गोठलेलं, विमान उडेना. हजारभर किलोमीटरवरून औषध आणायचं तर कुत्र्यांची गाडीच हवी. वीस गाडीवानांनी ते हातोहात, साडेपाच दिवसांत पोचवलं. सगळ्यात लांबचा आणि धोक्याचा टप्पा सेप्पालाचा होता. जाऊन-येऊन चारशे किलोमीटरच्या वर, उणे तीस अंशांच्या थंडीत, गोठलेल्या खाडीवरून. मागे घरी आठ वर्षांची एकुलती एक मुलगी. बाप म्हणून त्याच्या मनाची काय अवस्था असेल! टोगो तेव्हा बारा वर्षांचा, म्हणजे म्हाताराच. पण वर्षानुवर्षं चालते ठेवलेले पाय कामी आले.

नाव मात्र झालं बाल्टोचं. शेवटचा टप्पा त्याने धावला होता. न्यूयॉर्कला त्याचा पुतळाही उभा राहिला. टोगोच्या वाट्याला कौतुक कमी आलं, याची सल सेप्पालाला शेवटपर्यंत होती. १९२९ साली टोगो गेला. सेप्पालाने वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, १९६७ मध्ये, सिएटलला डोळे मिटले.

मैत्रिणींनो, हल्ली आपल्याकडेही हौसेने हस्की पाळतात. नोमचा उन्हाळा ज्याला सोसवत नाही, त्याचं आपल्या मे महिन्यात काय होत असेल, हा विचार पिल्लू आणण्याआधी करायला हवा. आणि घटसर्पाचं म्हणाल, तर आता औषधासाठी कुणाला बर्फ तुडवत जावं लागत नाही. बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी पेंटाव्हॅलंट लस, मग दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान आणि पाच-सहा वर्षांचं झाल्यावर बूस्टर. सरकारी केंद्रात हे सगळं मोफत असतं. पहिले डोस आपण आठवणीने देतो, पण शाळेत जाण्याच्या वयातला बूस्टर हमखास राहून जातो. साथ आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा घरातलं लसीकरणाचं कार्ड आजच काढून बघा.