विश्लेषण : औषध लागू पडले, पण शरीराने नाकारले! जॉर्ज ऑर्वेल यांचा क्षयरोग बरा का झाला नाही?

‘अॅनिमल फार्म’ आणि ‘१९८४’ या कादंबऱ्यांमुळे जगभर वाचले जाणारे लेखक जॉर्ज ऑर्वेल यांचा मृत्यू २१ जानेवारी १९५० रोजी लंडनमधील रुग्णालयात झाला. वय होते ४६ वर्षे आणि कारण होते फुफ्फुसाचा क्षयरोग. क्षयावरचे पहिले प्रभावी औषध तोपर्यंत सापडलेले होते. ते अमेरिकेतून मागवून ऑर्वेल यांना देण्यातही आले होते आणि त्याचा गुणही आला होता. तरीही ते वाचले नाहीत. असे का झाले?

लहानपणापासूनच छाती कमजोर

ऑर्वेल यांचे खरे नाव एरिक आर्थर ब्लेअर. जन्म २५ जून १९०३ रोजी बिहारमधील मोतीहारी येथे. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. आई त्यांना लहानपणीच इंग्लंडला घेऊन गेली. सर्दी, खोकला आणि छातीचे दुखणे तेव्हापासूनच मागे लागले होते. पुढे ते १९२२ ते १९२७ या काळात ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होते. ती नोकरी सोडून लेखक होण्यासाठी त्यांनी लंडन आणि पॅरिसमध्ये अक्षरशः फाटक्या अवस्थेत दिवस काढले. बेघरांसोबत राहणे, गर्दीच्या निवाऱ्यांमध्ये झोपणे, अर्धपोटी राहणे हे सगळे त्यात आले. १९२९ मध्ये पॅरिसच्या एका सार्वजनिक रुग्णालयात त्यांना दाखल व्हावे लागले. तिथे गरीब रुग्णांना मिळणारी वागणूक त्यांच्या इतकी मनात राहिली, की त्यावर त्यांनी सतरा वर्षांनी लेख लिहिला. १९३३च्या अखेरीस न्यूमोनियाने त्यांना पुन्हा गाठले.

त्यात तंबाखूची भर होती. कडक काळी तंबाखू कागदात वळून ओढण्याची सवय त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

१९३८ मध्ये निदान काय झाले होते?

स्पेनच्या यादवी युद्धात लढताना मे १९३७ मध्ये गोळी ऑर्वेल यांच्या गळ्यातून आरपार गेली. त्यातून ते वाचले. मात्र मार्च १९३८ मध्ये खोकल्यातून रक्त पडू लागले. पत्नी आयलीन यांचे भाऊ लॉरेन्स ओशॉनेसी हे छातीचे नामांकित शल्यविशारद होते. त्यांच्यामुळे केंटमधील प्रेस्टन हॉल सॅनेटोरियममध्ये त्यांना दाखल करण्यात आले. सुरुवातीला क्षयाचा संशय होता, पण शेवटी डाव्या फुफ्फुसातील ब्राँकिएक्टॅसिस असे निदान झाले. म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंदावतात, त्यात कफ साचतो आणि जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होत राहतो. साडेपाच महिने तिथे काढल्यावर हिवाळा उबदार हवेत घालवावा, असा सल्ला मिळाला. एका हितचिंतकाने नाव न सांगता दिलेल्या ३०० पौंडांवर हे दाम्पत्य मोरोक्कोला गेले.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर सैन्याने त्यांना प्रकृतीच्या कारणावरून नाकारले. मग १९४१ ते १९४३ ते बीबीसीच्या पूर्वेकडील देशांसाठीच्या विभागात होते. मराठी वाचकांसाठी एक जवळचा धागा इथे आहे. या विभागात वेणू चितळे या मराठी लेखिका त्यांच्या सहकारी होत्या आणि ऑर्वेल इंग्रजीत लिहीत असलेली बातमीपत्रे मराठीसह काही भारतीय भाषांत भाषांतरित होऊन प्रसारित होत.

जुरा बेटावर काय घडले?

मार्च १९४५ मध्ये शस्त्रक्रियेच्या टेबलावरच आयलीन यांचा मृत्यू झाला. दत्तक घेतलेला रिचर्ड तेव्हा वर्षाचाही नव्हता. त्याच वर्षी ‘अॅनिमल फार्म’ प्रसिद्ध झाले आणि ऑर्वेल यांना पहिल्यांदाच भरपूर पैसा व कीर्ती मिळाली. १९४६ मध्ये पुन्हा रक्त पडले. तो प्रकार त्यांनी फारसा कोणाला कळू दिला नाही. त्यानंतर ते स्कॉटलंडच्या जुरा बेटावरील बार्नहिल या घरात राहायला गेले. घरात वीज नाही, फोन नाही आणि शेवटचे काही मैल कच्चा रस्ता. बहीण अॅव्हरिल घर सांभाळत असे. तिथेच ‘१९८४’चे लेखन सुरू झाले.

ऑगस्ट १९४७ मध्ये कोरीव्रेकन या कुप्रसिद्ध भोवऱ्याजवळ त्यांच्या छोट्या होडीचे इंजिन निखळून समुद्रात पडले. ऑर्वेल, लहानगा रिचर्ड आणि भाचरे कसेबसे एका खडकावर चढले. मासेमारांच्या होडीने त्यांना सोडवेपर्यंत काही तास गेले. त्यानंतर प्रकृती घसरत गेली. नोव्हेंबरपर्यंत त्यांनी कादंबरीचा पहिला खर्डा पूर्ण केला, तोही बहुतांशी अंथरुणात. डिसेंबरमध्ये ग्लासगोजवळच्या हेअरमायर्स रुग्णालयात त्यांना दाखल करावे लागले. या वेळी निदानात शंका नव्हती. डाव्या फुफ्फुसात क्षयाने पोकळी पडली होती.

तेव्हा उपचार काय होते?

औषध नव्हते, त्यामुळे फुफ्फुसाला ‘विश्रांती’ देणे हाच उपचार होता. ऑर्वेल यांच्या बाबतीत श्वासपटलाकडे जाणारी मज्जातंतू चिमट्याने दाबून निकामी करण्यात आली. मग पोटात सुईने हवा भरण्यात येऊ लागली, जेणेकरून श्वासपटल वर ढकलले जाऊन फुफ्फुस दबेल आणि पोकळी मिटेल. ही हवा शरीरात शोषली जाते, म्हणून ती ठरावीक दिवसांनी पुन्हा भरावी लागे. रुग्णाने पडून राहावे म्हणून डॉक्टरांनी त्यांचा टाइपरायटरही काढून घेतला. लेखकासाठी हा सुईपेक्षा मोठा त्रास असणार.

स्ट्रेप्टोमायसिन कसे मिळाले?

अमेरिकेत १९४३ मध्ये सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांना मातीतील सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. क्षयाच्या जंतूंवर चालणारे हे पहिले प्रतिजैविक. युद्धानंतरच्या ब्रिटनकडे डॉलर नव्हते. सरकारने थोडासाच साठा विकत घेतला आणि तो प्रामुख्याने चाचणीसाठी राखून ठेवला. या चाचणीत १०७ रुग्ण होते. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, तर ५२ जणांना केवळ विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ आणि दुसऱ्या गटात १४ मृत्यू झाले. कोण कोणत्या गटात जाणार, हे यादृच्छिक पद्धतीने ठरवल्यामुळे ही चाचणी आजही वैद्यकीय संशोधनात आदर्श मानली जाते. मात्र तीत नुकताच आजार जडलेले तरुण रुग्ण घेतले होते. चव्वेचाळीस वर्षांच्या, जुना आजार असलेल्या ऑर्वेल यांना तिथे जागा नव्हती.

मग ओळखी कामी आल्या. ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्राचे डेव्हिड अॅस्टर हे ऑर्वेल यांचे मित्र. त्यांनी अमेरिकेतून औषध मिळवण्याची व्यवस्था केली. पैसे आपण फेडू, असा ऑर्वेल यांचा आग्रह होता. आयातीला सरकारी परवानगी लागत होती आणि तेव्हाचे आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन हे ऑर्वेल यांना ‘ट्रिब्यून’ साप्ताहिकापासून ओळखत होते. ७० ग्रॅम औषध आले. ज्या लेखकाने आयुष्यभर वर्गभेदावर लिहिले, त्याला वरच्या वर्तुळातील मित्रांमुळे औषध मिळाले, ही बाब त्यांच्या चरित्रांत सहसा सहज ओलांडली जाते. शेजारच्या खाटेवरील खाणकामगाराला ते मिळाले नसते.

पन्नास दिवसांत काय झाले?

फेब्रुवारी १९४८ मध्ये रोज १ ग्रॅमप्रमाणे इंजेक्शने सुरू झाली. सुरुवात चांगली झाली. मग त्वचा लाल पडली, अंगावर पुरळ उठले. तोंडात आणि घशात फोड व व्रण आले, गिळणे अवघड झाले. रात्रीत ओठांवर रक्त सुकून ते चिकटत, सकाळी धुतल्याशिवाय तोंड उघडता येत नसे. केस गळू लागले, नखे सुटू लागली. या औषधाचा अनुभव हेअरमायर्समधील डॉक्टरांनाही नव्हता. मात्रा कमी करावी, थांबून पुन्हा सुरू करावी की दुसरे काही जोडावे, हे सांगणारी कोणतीही नियमावली नव्हती. सुमारे ५० दिवसांनी औषध बंद करण्यात आले.

उरलेले औषध वाया गेले नाही. ते क्षय झालेल्या दोन डॉक्टरांच्या पत्नींना देण्यात आले आणि त्या दोघीही बऱ्या झाल्या.

ऑर्वेल यांनाही फायदा झाला होताच. लक्षणे ओसरली, वजन वाढले, थुंकीत जंतू दिसेनासे झाले. जुलै १९४८ च्या अखेरीस ते घरी परतले. ते रुग्णालयात असतानाच, ५ जुलैला, ब्रिटनची मोफत राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली होती.

औषध सोसले असते, तर आजार गेला असता का?

खात्री देता येत नाही आणि त्याचे कारण जंतूच्या स्वभावात आहे. आतड्यातील साधा ई-कोलाय जंतू अनुकूल स्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी १५ ते २० तास लागतात. बहुतेक प्रतिजैविके वाढणाऱ्या जंतूवर मारा करतात. जो वाढतच नाही, तो मरतही नाही. त्यात त्याचे आवरण मेणचट असते. फुफ्फुसातील एका पोकळीत कोट्यवधी जंतू असतात आणि त्यांतले काही योगायोगानेच एखाद्या औषधाला दाद न देणारे असतात. एकच औषध दिले की बाकीचे मरतात आणि हेच उरतात, वाढतात. ब्रिटिश चाचणीत नेमके हेच दिसले. पाच वर्षांनंतर दोन्ही गटांतील मृत्यूंमधला फरक जवळपास पुसला गेला होता.

उपाय होता दोन औषधे एकत्र देण्याचा. एका औषधाला न जुमानणारा जंतू दुसऱ्याने मरतो. स्ट्रेप्टोमायसिनला पास या औषधाची जोड दिल्यास प्रतिकार टळतो, हे १९५० पर्यंत स्पष्ट झाले. १९५२ मध्ये स्वस्त आणि गोळीच्या रूपातले आयसोनियाझिड आले. भारताचा वाटाही मोठा आहे. १९५६ मध्ये मद्रासमध्ये सुरू झालेल्या अभ्यासाने घरी राहून नियमित औषध घेणारे रुग्ण सॅनेटोरियममधील रुग्णांइतकेच बरे होतात, हे दाखवले. आज नेहमीच्या क्षयासाठी सहा महिन्यांचा, पहिले दोन महिने चार औषधांचा उपचार असतो आणि भारतात तो सरकारी केंद्रांत मोफत मिळतो. अंगावर पुरळ उठले किंवा कावीळ झाली, तर औषध बदलण्याची सोय आहे. ऑर्वेल यांच्या डॉक्टरांकडे बदलायला दुसरे औषधच नव्हते.

कादंबरीनेच जीव घेतला का?

असे बरेचदा लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. जुरावर परतल्यावर ऑर्वेल यांना हस्तलिखित टंकलिखित करायला कोणी मिळाले नाही. त्यामुळे १९४८ च्या शेवटच्या महिन्यांत त्यांनी ताप असताना, बहुतेक वेळ अंथरुणात बसून, स्वतःच सगळी कादंबरी पुन्हा टाइप केली. डिसेंबरच्या सुरुवातीला ती पूर्ण झाली आणि ते कोसळले. हे श्रम टाळता आले असते, यात वाद नाही. पण पोकळी तिथे होतीच आणि तिच्यावरचा एकमेव उपाय त्यांच्यासाठी बंद झाला होता. कादंबरीचा नायक विन्स्टन सकाळी उठल्या उठल्या खोकल्याच्या उबळीने वाकतो, ते वर्णन लेखकाला शोधायला कुठे जावे लागले नसेल.

शेवटचे वर्ष कसे गेले?

जानेवारी १९४९ मध्ये ग्लॉस्टरशायरमधील क्रॅनहॅमच्या सॅनेटोरियममध्ये ते दाखल झाले. तिथे पास दिले गेले, पण ते एकटे दुबळे औषध. स्ट्रेप्टोमायसिन पुन्हा देऊन पाहिले, तर पहिल्याच मात्रेला शरीराने तीव्र प्रतिक्रिया दिली. रिचर्डला आपला संसर्ग होईल, या भीतीने ते त्याला जवळ येऊ देत नसत. आणि तो आपल्याला विसरेल, ही भीतीही होती. ८ जून १९४९ रोजी ‘१९८४’ प्रसिद्ध झाली आणि तिचे प्रचंड स्वागत झाले. सप्टेंबरमध्ये त्यांना लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात हलवण्यात आले. १३ ऑक्टोबरला तिथल्याच खोलीत सोनिया ब्राउनेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पुढचा बेत ठरला होता. २५ जानेवारी १९५० ला विमानाने स्वित्झर्लंडमधील सॅनेटोरियममध्ये जायचे. मासेमारीची आवड असलेल्या ऑर्वेल यांनी सोबत नेण्यासाठी गळ मागवून ठेवला होता. २१ जानेवारीच्या पहाटे फुफ्फुसातील रक्तवाहिनी फुटली. त्या वेळी खोलीत कोणी नव्हते. तो गळ तिथेच, कोपऱ्यात उभा होता.