आखूड लहरींचे आद्य उपासक : आचार्य जगदीशचंद्र बोस

मोठ्या शोधास मोठी प्रयोगशाळा, विपुल द्रव्य आणि अवजड यंत्रे लागतात, असा समज आपल्याकडे फार रूढ आहे. कडा किंवा आष्टी तालुक्यातील एखाद्या मुलास शास्त्राची गोडी लागली, तर हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे, असे त्याला सहज वाटून जाते. हा समज किती पोकळ आहे, हे ज्यांच्या चरित्रावरून दिसते, त्या आचार्य जगदीशचंद्र बोस यांची ओळख आम्ही येथे करून देत आहो.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमध्ये झाला. वडील भगवानचंद्र हे सरकारी अधिकारी होते. त्या काळी अशा घरातील मुले इंग्रजी शाळेत जात. परंतु वडिलांनी मुलाला प्रथम मातृभाषेच्या शाळेत घातले. तेथे वडिलांच्या मुसलमान चाकराचा मुलगा आणि एका कोळ्याचा मुलगा हे त्यांचे सोबती होते. पशुपक्ष्यांच्या व जलचरांच्या गोष्टी ऐकून सृष्टीविषयीचे कुतूहल त्यांच्या मनात तेथेच रुजले.

पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्समध्ये फादर लाफाँ यांच्यासारखे गुरू लाभले. प्रत्यक्ष प्रयोग करून दाखविण्याच्या त्यांच्या हातोटीने जगदीशचंद्र पदार्थविज्ञानाकडे वळले. १८८० साली ते वैद्यकी शिकण्यासाठी विलायतेस गेले. पण प्रकृती साथ देईना, म्हणून तो अभ्यास सोडून ते केंब्रिजला गेले. तेथे लॉर्ड रॅले यांच्यापाशी शिकून १८८४ साली ते पदवीधर झाले.

१८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांची नेमणूक झाली. हिंदी प्राध्यापकास युरोपीय प्राध्यापकाच्या दोन-तृतीयांश वेतन मिळे, आणि नेमणूक हंगामी असल्याने त्याचाही निम्मा भागच त्यांच्या वाट्यास आला. घरावर कर्ज होते. तरीही त्यांनी तीन वर्षे काम चोख बजावले आणि वेतनाला हात लावला नाही. अखेर सरकारास नमावे लागले. पूर्ण वेतन मागील बाकीसह त्यांस मिळाले.

कॉलेजात संशोधनाची सोय जवळजवळ नव्हतीच. एका लहानशा खोलीत, पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराला हाताशी धरून, १८९४ च्या सुमारास त्यांनी विद्युत्-लहरींवर प्रयोग आरंभिले. ह्या लहरी जर्मनीतील हर्ट्झ यांनी १८८८ साली सिद्ध करून दाखविल्या होत्या. प्रकाशाप्रमाणे त्याही वळतात आणि परावर्तन पावतात, हे दाखविताना हर्ट्झ यांची लहर सुमारे ६६ सेंटिमीटर लांबीची होती. लहरीच्या मानाने साधन लहान असले तर ती त्यातून नीट वळत नाही. म्हणून हर्ट्झ यांस डांबराचा लोलक करावा लागला, आणि त्याचे वजन अर्ध्या टनाहून अधिक भरले!

असा लोलक त्या खोलीत मावणार कसा? जगदीशचंद्रांनी प्रश्नच उलटा करून पाहिला. साधनाचा आकार लहरीच्या लांबीवर अवलंबून असेल, तर लहरच आखूड करावी. त्यांनी आपली लहर थेट ५ मिलिमीटरपर्यंत आणली. अशा लहरीची कंपने सेकंदाला सुमारे ६० अब्ज होतात. आता सगळी साधने मेजावर मावू लागली. लहरींना वाट दाखविणारी धातूची नळी, त्या गोळा करणारे नरसाळे, गंधकाचे भिंग, सारे त्यांनी तेथेच घडविले. पिळलेल्या तागाच्या जुड्यांनी त्यांनी लहरींची कंपनदिशा फिरवून दाखविली. रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पानांमध्ये कथलाचे वर्ख घालून त्याचेही एक उपकरण केले. कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतींपलीकडे लहर पाठवून घंटा वाजविली व दारू उडविली. १८९६ साली लंडन विद्यापीठाने त्यांस डी. एस्सी. पदवी दिली, आणि २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी आपली उपकरणे विद्वानांपुढे मांडली.

शोधातून धन मिळविण्याची त्यांस आवड नव्हती. स्नेह्यांच्या आग्रहावरून घेतलेले, गॅलीना ह्या खनिजाने लहरी ओळखण्याच्या युक्तीचे अमेरिकन पेटंट १९०४ साली मंजूर झाले; परंतु त्यांनी त्याचा पैसा केला नाही. पुढे त्यांचे चित्त वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी त्यांनी कलकत्त्यास बोस संशोधनमंदिर स्थापिले, १९२० साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या त्या आखूड लहरींकडे मात्र जगाचे जवळजवळ अर्धशतक दुर्लक्षच झाले. २०१२ साली विद्युत् अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्यांच्या १८९४ ते १८९६ च्या प्रयोगांना इतिहासातील मैलाचा दगड म्हणून मान दिला.

आज त्यांचा प्रश्न घराघरांत येऊन बसला आहे. आपल्या पालकांच्या खिशातील मोबाइलमध्ये, हवी ती लहर घेणारी व नको ती अडविणारी सूक्ष्म मंडले असतात. वायफायची एक लहर साडेबारा सेंटिमीटर लांब असते, आणि अशा मंडलातील तांब्याची पट्टी पुष्कळदा लहरीच्या पाव लांबीची, म्हणजे तीन सेंटिमीटरांहून थोडी अधिक, ठेवावी लागते. येथे लहर बदलण्याची मुभा नाही. म्हणून अभियंते, ज्यात लहर मंद चालून आखूड होते, असा पदार्थ पट्टीखाली घालतात आणि पट्टी नागमोडी दुमडतात. पण दुमडलेल्या पट्ट्या एकमेकींवर परिणाम करतात. एक माप बदलले की सारा हिशेब बिघडतो. समजा, दहा मापे आहेत आणि प्रत्येकासाठी पाचच पर्याय आहेत; तरी एकूण ९७,६५,६२५ आराखडे होतात. संगणकाला एका आराखड्याच्या अचूक गणितास पाव तास लागला, तर सारे तपासण्यास पावणेतीनशेहून अधिक वर्षे लागतील! म्हणून आधी ढोबळ पण झटपट गणिताने उत्तराच्या जवळ जायचे, आणि अचूक गणित मोजक्याच ठिकाणी लावून ढोबळ गणित सुधारून घ्यायचे, अशी रीत निघाली. कॅनडातील जॉन बँडलर यांनी १९९४ साली तिला पद्धतशीर रूप दिले.

लहर आणि आकार यांचे हे नाते आपल्या महाराष्ट्रातही पाहावयास मिळते. कडा येथून नगरमार्गे पश्चिमेस गेले असता नारायणगावाजवळ खोडद लागते. तेथील महादुर्बिणीस आकाशातून येणाऱ्या लांब लहरी टिपावयाच्या असल्याने तिच्या ३० तबकड्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या आहेत. उलट, मुंबईस १९८४ साली स्थापन झालेल्या समीर ह्या संस्थेत सूक्ष्मलहरींच्या उपकरणांवर काम चालते. एकीकडे डोंगराएवढे, दुसरीकडे नखाएवढे; नियम मात्र एकच.

विद्यार्थ्यांनो, जगदीशचंद्रांनी खोलीच्या लहानपणाची तक्रार करीत दिवस घालविले नाहीत. साधनाचा आकार कशावर ठरतो, हे त्यांनी आधी शोधले आणि मग हत्यार हाती घेतले. पालकांसही आमची एक विनंती आहे. मुलाने घरचा जुना रेडिओ उघडला, तर एकदम रागावू नये. वीज बंद आहे एवढे पाहावे, आणि तो काय शोधतो आहे, हे त्याला विचारावे.